सेप्टिक टाकीचे अर्थशास्त्र : महादेवपुऱ्यापासून वाईपर्यंत



नागरी विकासाची चर्चा निघाली की मेट्रो, उड्डाणपूल, विमानतळ आणि माहिती तंत्रज्ञान उद्याने यांचा उल्लेख प्रथम होतो. घराच्या अंगणाखाली किंवा वाहनतळाखाली पुरलेली सेप्टिक टाकी मात्र या चर्चेत क्वचितच येते. वस्तुतः २०११ च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी ३२.७ टक्के कुटुंबांची शौचालये भुयारी गटारांना जोडलेली होती, तर ३८.२ टक्के कुटुंबे सेप्टिक टाकीवर अवलंबून होती. म्हणजेच भारतीय शहरांची सर्वांत मोठी मलव्यवस्था ही महानगरपालिकांनी उभारलेली नसून कुटुंबांनी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जागेत उभारलेली होती. तिची देखभालही कुटुंबांवरच सोपविण्यात आली. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानामुळे शौचालयांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. त्यांपैकी अनेक शौचालये टाकी किंवा खड्ड्यावरच चालतात. त्यामुळे 'शौचालय आहे काय' या प्रश्नाची जागा आता 'शौचालयाखाली साठलेल्या मैल्याचे पुढे काय होते' या प्रश्नाने घेतली आहे.

महादेवपुरा : वाढ आधी, गटार नंतर

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण म्हणजे बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग. व्हाइटफील्ड, हुडी, दोड्डनेक्कुंदी, बेळ्ळंदूर, वर्तूर अशी एकेकाळची गावे व वसाहती या परिसरात येतात. १९९० च्या दशकानंतर माहिती तंत्रज्ञान उद्योगाने येथे मोठी झेप घेतली. महादेवपुऱ्याची स्वतंत्र नगरपालिका होती. २००७ मध्ये सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि ११० गावे बेंगळुरू शहरात विलीन करून बृहत् बेंगळुरू महानगरपालिका स्थापन करण्यात आली, तेव्हा महादेवपुराही तिचा भाग बनला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एका महानगरपालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या आणि महादेवपुरा हा बेंगळुरू पूर्व महानगरपालिकेच्या कार्यक्षेत्रात आला.

अठरा वर्षांत प्रशासनाची नावे दोनदा बदलली. जमिनीखालील नळांची गती मात्र मंद राहिली. विलीन झालेल्या ११० गावांसाठी कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची क्षमता प्रतिदिन ७७.५ कोटी लिटर आहे. तोपर्यंत या भागातील असंख्य घरे विंधनविहिरी आणि टँकरवर जगत होती. मार्च २०२४ च्या पाणीटंचाईची झळ महादेवपुऱ्याला तीव्रतेने बसली, हे सर्वज्ञात आहे. ज्या घराला नळाचे पाणी नाही, त्या घराला बहुधा भुयारी गटारही नसते. अशा घरात एकाच भूखंडावर पाण्याची विंधनविहीर आणि मैल्याचा खड्डा शेजारी शेजारी नांदतात.

बेंगळुरूची भूमी ग्रॅनाइट व नाइस या कठीण स्फटिकी खडकांची आहे. वरचा थर झिजलेल्या खडकाचा व मातीचा, आणि त्याखाली भेगा असलेला खडक. भूजल या भेगांतून वाहते. वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी जितके गाळले जाते, तितके ते भेगांतून वाहताना गाळले जात नाही. त्यामुळे एका घराच्या गळक्या खड्ड्यातील मैलापाणी दुसऱ्या घराच्या विंधनविहिरीत पोहोचू शकते. मैल्यातील नत्राचे रूपांतर नायट्रेटमध्ये होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा ओलांडलेले पाणी विशेषतः तान्ह्या मुलांना घातक ठरते. रंग, वास किंवा चव यांवरून नायट्रेट ओळखता येत नाही, आणि पाणी उकळल्यानेही ते जात नाही.

जमिनीवरून वाहणाऱ्या सांडपाण्याची कथा अधिक दृश्य आहे. बेळ्ळंदूर तलाव २०१५ च्या सुमारास फेसाळू लागला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथे आगीही लागल्या. या तलावाचे पाणी वर्तूर तलावात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. राष्ट्रीय हरित लवादाने या तलावांची गंभीर दखल घेतली. या प्रदूषणाला गटारातून येणारे अशुद्ध सांडपाणी प्रामुख्याने कारणीभूत होते. परंतु गटार नसलेल्या वस्तीतील भरून वाहणाऱ्या टाक्याही शेवटी पावसाळी नाल्यातूनच तलाव गाठतात.

टाकी काय करते आणि काय करीत नाही

सेप्टिक टाकीचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. फ्रान्समधील लुई मूरास यांच्या बंद टाकीला १८८१ मध्ये एकस्व मिळाले. इंग्लंडमधील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास तिला 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केले. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिस्थानातील टाक्यांमधून १८९७ मध्येच वायू गोळा करण्यात आला होता, ही नोंद जैववायूच्या इतिहासात आवर्जून केली जाते.

टाकीचे कार्य साधे आहे. शौचालयातील पाणी तिच्यात संथ होते. जड घन पदार्थ तळाशी बसून गाळ बनतो, तेल व हलके पदार्थ वर साय धरतात आणि मधले तुलनेने नितळ पाणी बाहेर पडते. प्राणवायूविना जगणारे जिवाणू गाळाचे अंशतः विघटन करतात. बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. त्यातील सेंद्रिय भार साधारणतः तिसरा हिस्सा ते निम्मा एवढाच कमी झालेला असतो आणि रोगजंतू मोठ्या प्रमाणात शिल्लक असतात. म्हणून हे पाणी शोषखड्ड्यात किंवा अन्य शुद्धीकरण व्यवस्थेत जाणे आवश्यक असते. भारतीय मानक २४७० च्या पहिल्या भागात टाकीची रचना आणि दुसऱ्या भागात बाहेर पडणाऱ्या पाण्याची विल्हेवाट यांचे नियम दिले आहेत. अनेक घरांत पहिला भाग कसाबसा पाळला जातो. दुसरा भाग थेट रस्त्याकडेच्या उघड्या गटारात संपतो.

येथे एका रूढ गैरसमजाकडे लक्ष वेधले पाहिजे. 'आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही' असे अभिमानाने सांगितले जाते. जलरोधक टाकीत गाळ साठणे अटळ आहे. जी टाकी कधीच भरत नाही, तिचा तळ एकतर बांधलेला नसतो किंवा तिचा गाळ पाण्याबरोबर बाहेर वाहत असतो. घरमालकाला जो टाकीचा गुण वाटतो, तो शेजाऱ्याच्या विहिरीच्या दृष्टीने दोष असतो.

एक काल्पनिक हिशेब पाहा. समजा, पाच जणांच्या कुटुंबाची टाकी २,००० लिटरची आहे आणि माणशी वर्षाला ५० लिटर गाळ साठतो. वर्षाला २५० लिटर, तीन वर्षांत ७५० लिटर, म्हणजे टाकीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गाळाने व्यापला जाईल. दोन ते तीन वर्षांतून एकदा टाकी उपसावी, हा केंद्र शासनाच्या तांत्रिक पुस्तिकेतील सल्ला याच तर्कावर आधारलेला आहे. आता त्याच घरावर मजले चढवून वीस जणांचे भाड्याचे वसतिगृह सुरू झाले, जसे महादेवपुऱ्यासारख्या भागात सर्रास घडते, तर वर्षाला १,००० लिटर गाळ साठेल आणि टाकीचा तिसरा हिस्सा आठ महिन्यांतच भरेल. शिवाय पाण्याचा ओघ चौपट झाल्याने गाळ खाली बसण्यास पुरेसा अवधी मिळणार नाही. घराचे उत्पन्न वाढले, पण त्या उत्पन्नाचा भार वाहणारी टाकी तेवढीच राहिली.

घरगुती देखभालीची सूत्रे

देखभालीचे नियम थोडे आणि स्वस्त आहेत. टाकी कोठे आहे, तिचे मोजमाप किती, झाकणे कोठे आहेत आणि शेवटचा उपसा कधी झाला याची नोंद घरात असावी. घर विकताना किंवा भाड्याने देताना ही नोंद पुढील व्यक्तीकडे सोपवावी. झाकणावर फरशी बसवून ते कायमचे बुजवू नये. तेथपर्यंत वाहनाचा नळ पोहोचू शकेल अशी वाट ठेवावी. पावसाचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये. स्वयंपाकघरातील तेल, केस, कापड, सॅनिटरी नॅपकिन, लहान मुलांचे लंगोट, औषधे व रंग शौचालयात टाकू नयेत. तीव्र आम्ल व जंतुनाशके यांचा अतिरेक केल्यास गाळ पचविणारे जिवाणूच मरतात. बाजारात मिळणाऱ्या जिवाणू-चूर्णांमुळे उपसा टळतो, असे मानणे चुकीचे आहे. मैल्यात आवश्यक जिवाणू मुळातच असतात.

टाकी उपसताना तळाशी थोडा गाळ शिल्लक ठेवणे हितावह असते, म्हणजे विघटनाची क्रिया पुन्हा लवकर सुरू होते. वायुनलिकेचे तोंड जाळीने बंद करावे, म्हणजे डासांची पैदास रोखली जाते. शौचालयातील पाणी सावकाश उतरणे, बुडबुड्यांचा आवाज, अंगणातील ओलसर व दुर्गंधीयुक्त जागा ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसेपर्यंत थांबणे म्हणजे देखभालीची संधी गमावून दुरुस्तीचा खर्च ओढवून घेणे होय.

नियम साधे, तरी पाळले का जात नाहीत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे तीन परिचित संकल्पना दिसतील. पहिली, बाह्य परिणाम. टाकी न उपसल्याचा लाभ घरमालकाला मिळतो. त्याचा तोटा मात्र शेजारची विहीर, खालच्या अंगाचा तलाव आणि नदीकाठची गावे यांना सोसावा लागतो. दुसरी, माहितीचा अभाव. जमिनीखालील टाकी जलरोधक आहे की नाही, हे खरेदीदाराला दिसत नाही, भाडेकरूला ठाऊक नसते आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देणाऱ्या यंत्रणेने ते तपासलेलेच असेल याची शाश्वती नसते. तिसरी, वर्तमानाला दिले जाणारे अवाजवी महत्त्व. आजचा लहान खर्च टाळण्यासाठी माणूस उद्याचा मोठा खर्च पत्करतो. टाकी तुंबते तेव्हाच टँकर बोलावला जातो, आणि त्या घाईच्या क्षणी दर विचारण्याची सवड नसते.

बाजारपेठेने ही उणीव आपल्या पद्धतीने भरून काढली. बेंगळुरूत 'हनी सकर' या नावाने ओळखले जाणारे खासगी निर्वात टँकर शासकीय अनुदानाविना घरोघरी सेवा देऊ लागले. त्यांनी हाताने मैला उपसण्याच्या अमानुष कामाला व्यवहार्य पर्याय दिला, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. शहराभोवतीच्या शेतकऱ्यांनी हा मैला खड्ड्यांत वाळवून खत म्हणून वापरला. त्यामागे पोषणद्रव्यांचा पुनर्वापर हा विवेकी विचार आहे. कोकणात कणकवलीजवळील गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्यापासून खत करण्याचे जे प्रयोग केले, त्यांच्याशी याचे नाते सांगता येते. परंतु प्रक्रिया न केलेल्या गाळात जंतांची अंडी दीर्घकाळ टिकतात आणि शेतमजुराच्या पायांपासून भाजीपाल्यापर्यंत त्यांचा प्रवास होऊ शकतो. शिवाय शेत दूर असले, डिझेल महाग असले आणि अधिकृत केंद्र जवळ नसले, तर टँकरचालकाला जवळचा नाला सर्वांत स्वस्त पडतो. पाच हजार लिटरचा एक टँकर नाल्यात रिकामा होणे हे पाच हजार माणसांनी उघड्यावर शौचास बसण्यासारखे आहे, अशी तुलना या क्षेत्रात नेहमी केली जाते.

म्हणून उपसा आणि प्रक्रिया यांचा विचार एकत्रच करावा लागतो. बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील देवनहळ्ळी येथे २०१५ मध्ये केवळ मैला गाळावर प्रक्रिया करणारे केंद्र सुरू झाले. देशातील अशा प्रकारच्या पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. तेथे गाळ पचवून, वाळवून त्याचे खत करण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. महानगराच्या उंबरठ्यावरील एका लहान शहराने दाखविलेला हा मार्ग महत्त्वाचा आहे.

मानवी जिवाचे मोल

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू श्रमिकांची आहे. टाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि आत उतरलेल्या माणसाला धोक्याची सूचनाही मिळत नाही. पहिल्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही, अशा दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईत ३७७ जणांचा मृत्यू झाला.

हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ हा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. त्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा अभिकरण धोकादायक सफाईसाठी कोणाला कामावर लावू शकत नाही. 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत सामान्य घरमालकही येतो. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई निश्चित केली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख रुपये करण्यात आली. टाकीला वेळच्या वेळी यंत्राने उपसले, तर गाळ दगडासारखा घट्ट होत नाही आणि माणूस उतरविण्याची वेळच येत नाही. देखभालीची दिरंगाई आणि श्रमिकाचा मृत्यू यांतील हा संबंध परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत क्वचित लिहिला जातो. तो लिहिला गेला पाहिजे. मृतांमध्ये दलित समाजातील श्रमिकांचे प्रमाण मोठे असल्याने अनुच्छेद १७ आणि अनुच्छेद २१ या दोहोंच्या प्रकाशात तो तपासला पाहिजे.

वाईचा प्रयोग

सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या वाई शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे छत्तीस हजार होती. तेथेही भुयारी गटारांऐवजी सेप्टिक टाक्यांवर भर होता आणि तुंबल्यावरच टँकर बोलाविण्याची रीत होती. वाई नगरपरिषदेने सेप्ट विद्यापीठाच्या तांत्रिक सहकार्याने २०१८ मध्ये वेळापत्रकानुसार उपसा सुरू केला. प्रत्येक टाकी साधारणतः तीन वर्षांतून एकदा उपसली जावी, अशी ही व्यवस्था आहे. त्याच वर्षी प्रतिदिन ७० हजार लिटर क्षमतेचे मैला गाळ प्रक्रिया केंद्रही उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर नगरपरिषदेनेही हीच दिशा धरली.

वाईच्या प्रयोगातील खरे नावीन्य वित्तव्यवस्थेत आहे. टाकी उपसली जात असताना घरमालकाकडून पैसे घेतले जात नाहीत. खर्चाचा भार स्वच्छता कर आणि मालमत्ता कराच्या उत्पन्नावर टाकण्यात आला. उपसा करणाऱ्या खासगी कंत्राटदाराचे देयक कामगिरीशी जोडण्यात आले आणि त्याला देयकाची शाश्वती मिळावी म्हणून स्वतंत्र राखीव खात्याची सोय करण्यात आली.

यातील तर्क समजून घेण्यासाठी पुन्हा एक काल्पनिक हिशेब करू. एखाद्या शहरात ६,००० टाक्या आहेत. तीन वर्षांच्या चक्रात वर्षाला २,००० टाक्या आणि कामाचे २५० दिवस धरल्यास दिवसाला आठ टाक्या उपसाव्या लागतील. एकाच गल्लीतील आठ घरे एका दिवशी घेतली, तर वाहनाची धावाधाव कमी होते, दर टाकीमागील खर्च उतरतो आणि प्रक्रिया केंद्राला रोज ठरावीक गाळ मिळतो. मागणीनुसार चालणाऱ्या व्यवस्थेत पावसाळ्यात मागणी उसळते आणि उन्हाळ्यात वाहने उभी राहतात. घरमालकाने पैसे आधीच करातून भरलेले असल्याने उपसा टाळण्यात त्याला काही लाभ उरत नाही. बाह्य परिणामावर कर आणि सेवेची हमी यांतून तोडगा काढण्याचे हे पाठ्यपुस्तकी, पण प्रत्यक्षातील उदाहरण होय.

अशा व्यवस्था टिकविणे सोपे नसते. मलेशियात १९९४ नंतर राष्ट्रीय स्तरावरील कंपनीमार्फत नियतकालिक उपसा रूढ झाला. २००८ मध्ये बंधन शिथिल होताच तो मागणीवर सोपविला गेला आणि उपशाचे प्रमाण घटले. जपानने मात्र घरगुती शुद्धीकरण टाक्यांसाठी १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि वार्षिक तपासणी बंधनकारक केली. सवय लागली असे वाटले तरी नियमाची चौकट काढून घेता येत नाही, असा बोध या दोन उदाहरणांतून मिळतो.

धोरणाची चौकट आणि पुढील वाट

सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा राज्यसूचीतील विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तो नगरपालिकांच्या कार्यकक्षेत येतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये मैला गाळ व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने मैला गाळ व सेप्टेज व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. नोव्हेंबर २०२० मध्ये सफाईमित्र सुरक्षा आव्हान सुरू झाले आणि टाकी उपसण्याच्या सेवेसाठी १४४२० हा क्रमांक देण्यात आला. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये वापरलेले पाणी आणि मैला गाळ यांच्या व्यवस्थापनाला स्थान मिळाले. शाश्वत विकासाचे सहावे उद्दिष्टही शौचालयासोबत सुरक्षित विल्हेवाटीची अपेक्षा करते.

महादेवपुरा आणि वाई यांची तुलना करताना दोहोंतील फरक विसरता येणार नाही. एक तंत्रज्ञान उद्योगाचे केंद्र, दुसरे तीर्थक्षेत्र असलेले तालुक्याचे गाव. महादेवपुऱ्यासारख्या दाट भागात भुयारी गटार हाच अंतिमतः योग्य मार्ग ठरेल. परंतु गटार शेवटच्या गल्लीपर्यंत पोहोचेपर्यंतचा काळ हा संक्रमणाचा मानून सोडून देणे परवडणारे नाही. तो काळ अठरा वर्षांचा असू शकतो, हे याच भागाने दाखविले आहे. त्या अवधीत प्रत्येक टाकीची नोंद, ठरावीक उपसा, टँकरना परवाना व त्यांच्या मार्गाचा मागोवा, जवळच्या शुद्धीकरण केंद्रात मैला उतरविण्याची सोय आणि भाड्याने दिलेल्या इमारतींसाठी वाढीव टाकीचा आग्रह हे पाच उपाय तातडीने योजता येतात. त्यांपैकी एकालाही मोठ्या भांडवलाची गरज नाही.

विकासाच्या लेखाजोख्यात नवे बांधकाम दिसते, देखभाल दिसत नाही. टाकी बांधल्याचा आकडा अहवालात येतो. ती तीन वर्षांनी उपसली गेली का, याचा रकाना बहुधा रिकामा राहतो. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी आपल्या पहिल्या कार्यक्षेत्रात हा रकाना मागवून पाहावा. तो भरला जाऊ लागला, तर विहिरीचे पाणी वाचेल आणि काही घरांतील कमावता माणूस संध्याकाळी घरी परतेल.